पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी "मुलगी झाली तर": ही कसली पात्रता?

रानजाई · सोमवार, रात्री १०:४०

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची सून सातव्या महिन्यात आहे. मूळ गाव निलंग्याकडचं, मुलगा इथे पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर. पहिली मुलगी तीन वर्षांची. परवा कणीक मळता मळता मावशी म्हणाल्या, "ताई, ते बाळंतिणीला पाच हजार मिळतात म्हणं, आमच्या पोरीला बसतंय का बघा की मोबाईलवर." पाच मिनिटांचं काम म्हणून बसले आणि दीड वाजला.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. दुसऱ्या वेळी ६,००० एकरकमी, पण फक्त मुलगी झाली तर. म्हणजे हिला गरोदरपणात एक पैसा नाही. बाळ जन्मेल, मुलगी निघेल, मग फॉर्म. पोषणाचे पैसे पोटात बाळ असताना नकोत का? मुलगा झाला तर मागच्या नऊ महिन्यांत हिला भूक लागली नव्हती असं धरायचं?

आता गंमत बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं चौथं कलम प्रत्येक गरोदर आणि स्तनदा बाईबद्दल बोलतं: अंगणवाडीतून मोफत आहार, आणि किमान ६,००० रुपये. पैशांतून वगळलंय ते सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या नियमित नोकरीतल्या, आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायकांना. कितवं मूल, मुलगा की मुलगी, याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. ते सगळं नंतर योजनेत आलं.

आणि मी स्वतः? माझी दोन्ही बाळंतपणं २०१७ नंतरची. दोन्ही वेळा २६ आठवडे भरपगारी रजा. दुसऱ्या वेळी मुलगा झाला, एचआरने पेढे मागितले, पगार कापला नाही. ज्या वर्षी प्रसूतिरजेचा कायदा बदलून आम्हाला दोन मुलांपर्यंत २६ आठवडे दिले, त्याच २०१७ मध्ये मातृवंदना फक्त पहिल्या मुलापुरती सुरू झाली. दुसरी मुलगी आत यायला २०२२ उजाडलं.

जाणकारांनी सांगावं, यात माझं काही चुकतंय का. आणि पात्रता वाढवायची तर कुठून सुरुवात करायची?

---

गणिती · सोमवार, रात्री ११:२५

धागा चांगला आहे, पण थोडी उलट बाजू मांडतो.

दुसरी मुलगी असेल तरच पैसे, यामागे मुलींच्या जन्माला प्रोत्साहन हा उद्देश आहे, तो जाहीरपणे सांगितलेला आहे. तो पटो न पटो, वेडेपणा नाही. दुसरं, सरसकट सगळ्यांना द्यायचं म्हटलं की दोन-चार मुलं होऊ देणाऱ्यांचा खर्च करदात्याने का उचलायचा, हा प्रश्न येणारच. तिसरं, लाडकी बहीण आहेच की महिन्याला १,५०० देणारी. किती योजना एकावर एक चढवायच्या?

---

अडगळ · सोमवार, रात्री ११:३१

गणिती, "दोन-चार मुलं" कुठून आणलीत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आहे. दोनपेक्षा कमी. ज्याची भीती घालताय ते संपून जमाना झाला.

आणि लाडकी बहीण २१ वर्षांपासून पुढे. विशीच्या आतली पहिलटकरीण त्यात बसतच नाही.

---

रानजाई · मंगळवार, सकाळी ७:१०

गणिती, उद्देश वाईट म्हणत नाही मी. पण मुलीच्या जन्माचं बक्षीस आणि गरोदर बाईचं खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस द्या, वेगळं द्या. बाईच्या ताटातून का?

बरं, घरातला प्रसंग ऐका. सुनेच्या सासूला, म्हणजे मावशींनाच, मुलगा हवाय. काल मी योजना समजावून सांगितल्यावर मावशी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे पोरगी झाली तर सरकार देणार, पोरगा झाला तर देव." यावर काय बोलणार.

---

निवृत्त_मुख्यसेविका · मंगळवार, दुपारी २:०५

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मुलीने खातं उघडून दिलं. बत्तीस वर्षं एकात्मिक बालविकासमध्ये, म्हणजे अंगणवाड्या चालवणाऱ्या सरकारी योजनेत, काढली, शेवटची चौदा पर्यवेक्षिका म्हणून, त्यामुळे थोडं लांबेल.

रानजाईताई, तुम्ही पैशात अडकलात, अंगणवाडीचा आहार बाजूला राहिला. तो तुमच्या मावशींच्या सुनेला आजच मिळू शकतो. त्याला पहिलं-दुसरं काही नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, पिवळं-केशरी रेशनकार्ड नाही. हे असं आपोआप झालेलं नाही. १९७५ साली २ ऑक्टोबरला ही योजना देशात फक्त ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट सांगितलं की अंगणवाडीच्या लाभाला दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही. २००६ साली आणखी पुढे जाऊन म्हटलं की ज्या वस्तीत सहा वर्षांच्या आतली ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्यांनी मागितली की तीन महिन्यांत द्यायची. पात्रता वाढवणं म्हणजे काय ते आम्ही या दोन निकालांनंतर डोळ्यांनी पाहिलं. त्याआधी बाई दारात यायची आणि "आमचं नाव यादीत हाय का?" असं विचारायची. नंतर तो प्रश्न बंद झाला.

आता दुसरा प्रश्न सुरू झालाय: "माझा चेहरा घेतोय का?"

२०२१ पासून सगळी नोंद पोषण ट्रॅकर ॲपमध्ये. आधी आधारची ई-केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो. मोबाईल असतो नवऱ्याचा, नवरा असतो साईटवर. तो फोन उचलून आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग पुन्हा. ती पार पडली की दरवेळी घरपोच आहाराचं पाकीट देताना बाईचा फोटो काढून चेहरा जुळवायचा. २०२५ च्या जुलैपासून हे सक्तीचं झालं. माझी एक जुनी सेविका सांगते, "बाई, गल्लीच्या तोंडाशी रेंज येते म्हणून सगळ्या गरोदर बायांना उन्हात तिथं उभं करते, आणि म्हणते, डोळे मिचकाव गं, परत मिचकाव." गरोदरपणात चेहरा सुजतो, वांग येतात. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. कधी जुळतो, कधी नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर पात्रतेची यादी वाढवण्याआधी ही चाळणी सैल करा. आहारासाठी कायद्यात प्रत्येक बाई पात्रच आहे.

ता.क. निलंग्याकडे तिची नोंद झालेली असेल तर तिथल्या सेविकेला सांगून ॲपमध्ये स्थलांतर करून घ्या. नाहीतर इथे नवीन नोंद घेताना आधार "आधीच नोंदलेला" दाखवेल आणि इथली सेविका हात वर करेल. तिची चूक नसते.

---

मोहाचं_फूल · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मुख्यसेविका बाई, लिहीत राहा. असा प्रतिसाद वर्षातून एकदा मिळतो.

मी मेळघाटात काही वर्षं एका संस्थेसोबत होतो. पात्रतेची एक वेगळीच गंमत तिथे पाहिली. २०१५ च्या अखेरीस सुरू झालेली अमृत आहार योजना: अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागात, गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने, दिवसातून एकदा अंगणवाडीत पूर्ण जेवण. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गुळशेंगदाण्याचा लाडू, आणि अंडं. मुलांसाठी अंडी-केळी पुढच्या वर्षी सुरू झाली.

इथे अट माणसाला नाही, जमिनीला आहे. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर त्या गावातली कोणतीही गरोदर बाई. आदिवासी असो, गवळी असो, दुकानदाराची सून असो. कागद काही नाही. आणि म्हणून ती चालली. सेविकेला कुणाला नाही म्हणावं लागत नव्हतं.

पण त्याचाच उलटा पैलू: क्षेत्राची हद्द संपली की योजना संपली. तीच कोरकू आदिवासी बाई दिवाळीनंतर सोयाबीन-हरभऱ्याच्या कामाला खाली सपाटीवर गेली की तिचं जेवण मागे राहतं. होळीला परत येते तेव्हा बाळ दोन महिन्यांचं असतं आणि बाईच्या हाडाला कातडं.

एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. दुपारी बाराचा सुमार, सहा-सात बाया अंगणवाडीच्या ओट्यावर ताटं घेऊन. सगळं जेवल्या, अंडं मात्र पदराला बांधलं. घरी चार वर्षांचं पोर. सेविका ओरडली, "इथंच खा, माझ्यासमोर." एकीने शांतपणे सोललं, अर्धं तोंडात घातलं, अर्धं पदरात. सेविकेने मान फिरवली.

---

गणिती · मंगळवार, रात्री ९:१५

अडगळ, १.७ मान्य. मुद्दा मागे घेतो.

आता आकड्यांचंच बोलतो. अंगणवाडीच्या आहाराचा केंद्राने २०१७ साली ठरवलेला दर: लहान मुलाला रोज ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलाला १२, गरोदर-स्तनदा बाईला साडेनऊ. त्यात बाईला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं द्यायची. आमच्या कोपऱ्यावर एक अंडं सात रुपयांना आहे. उरलेल्या अडीच रुपयांत उरलेले पाचशे उष्मांक कोणी बसवून दाखवावेत, मी जेवण देतो.

आणि ६,००० चा हिशोब. कायदा म्हणतो किमान ६,०००. मातृवंदनेचे ५,००० आणि उरलेले जननी सुरक्षा योजनेतून (दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीची मदत) येतात असं सांगितलं जातं. महाराष्ट्रात जननी सुरक्षा ग्रामीण भागात ७००, शहरात ६००, आणि तीही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांनाच. म्हणजे पहिल्या बाळंतपणाला उत्तम परिस्थितीत ५,७००. मिळू शकणारी कमाल रक्कमसुद्धा किमान म्हणून लिहिलेल्या आकड्यापर्यंत पोचत नाही! २०१३ पासून त्यात महागाईची एक दमडी वाढलेली नाही, हे तर वेगळंच.

मी विरोधक म्हणून आलो होतो, हे माझ्या लक्षात आहे.

---

अडगळ · मंगळवार, रात्री ९:१८

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

उसाचं_पाचट · बुधवार, सकाळी ५:५५

आमच्या भागात (बीड, तालुका सांगत नाही) दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला खाली जातं. मुकादमाकडून उचल नवरा-बायकोच्या जोडीची, तिला एक कोयता म्हणतात. सातवा-आठवा महिना असला तरी बाई जाते, कारण ती नाही गेली तर अर्धा कोयता आणि खाडा अंगावर. पाचटाच्या कोपीत (झोपडीत) बाळंतपणं झालेली मी बघितलीत, माझ्या चुलतबहिणीचं झालंय.

अंगणवाडी आहे गावाकडं. बाई आहे कारखान्यावर. गावाकडची सेविका म्हणते लाभार्थी हजर नाही, कारखान्याकडची म्हणते माझ्या यादीत नाही. दोघी खऱ्या. पाच-सहा महिने हे असं. पोट राहिल्यापासूनचे पहिले हजार दिवस हजार दिवस म्हणतात, त्यातले दीडशे-पावणेदोनशे दर हंगामाला असे जातात, आणि बाळ दोन वर्षांचं होईस्तोवर असे दोन-तीन हंगाम.

तिकडं तोडीच्या ठिकाणच्या अंगणवाडीत गेलं तर सेविका कधी कधी आपल्या मनाने देते, दोन पाकिटं ज्यादा आली म्हणून. बरी असते बिचारी. पण ते तिच्या मनावर.

माझं म्हणणं, पात्रता बाईच्या पोटाला पाहिजे, गावाला नको. पोट दिसतंय ना? मग द्या.

---

निवृत्त_मुख्यसेविका · बुधवार, सकाळी ११:२०

पाचट दादा, शेवटचं वाक्य आमच्या प्रशिक्षणात लावायला हवं होतं.

"लाभार्थी हजर नाही" हे मीसुद्धा रजिस्टरवर लाल पेनने लिहिलेलं आहे. सांगायला लाज वाटते, पण तपासणीत हजेरी आणि वाटप जुळलं नाही तर जाब मला द्यावा लागायचा. परजिल्ह्यातली बाई आली की द्यावं असं सगळ्या परिपत्रकांत असतं. माल मात्र पटावरच्या संख्येवर येतो. दहा ऊसतोडीच्या बायका अचानक आल्या तर कुणाच्या वाटणीतलं द्यायचं?

आणि एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मीच काढते. मातृवंदनेला वयाची अट आहे, १८ वर्षं ७ महिने. कारण समजू शकते, बालविवाहाला सरकारने पैसे दिल्यासारखं नको. पण सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. सतरा वर्षांची गरोदर पोर, वजन अडतीस किलो, रक्त कमी, तिला सगळ्यात जास्त गरज. तिचे घरचे तर नोंदच होऊ देत नाहीत, पोलीस येतील म्हणून. आम्ही जायचो तेव्हा आतून कडी. आहाराला वयाची अट नाही, पण नोंदच नाही तर आहार कसला? मला याचं उत्तर तेव्हाही सुचलं नाही आणि आता निवृत्तीनंतरही नाही.

---

चेन्नईचा_पाहुणा · बुधवार, दुपारी १:४०

इथे तमिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची प्रसूती साहाय्य योजना १९८७ पासून आहे. आता १८,००० रुपयांची, रोख आणि पोषणाचं किट मिळून, आणि दोन बाळंतपणांसाठी. मुलगा-मुलगी भेद नाही. गरिबीची आणि वयाची अट मात्र इथेही आहे, ते प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या वॉचमनच्या बायकोला मिळालेलं किट पाहिलं: खजूर, तूप, लोहाचं सिरप, सत्त्वाचं पीठ, वर एक टॉवेल. तुपाचा डबा तिने देव्हाऱ्यात ठेवला होता चार दिवस.

ओडिशानेही ममता योजनेत २०११ पासून दोन बाळंतपणांना पैसे दिले. करता येतं, एवढंच.

---

एडिसनची_काकू · बुधवार, रात्री ११:५५

अवांतर होईल, पण थोडं जोडते. इथे अमेरिकेत विक नावाचा कार्यक्रम आहे, गरोदर, बाळंतीण आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. १९७२ साली प्रायोगिक, १९७५ साली कायमचा. आपल्या अंगणवाडीचंच वर्ष! उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के, म्हणजे रेषेच्या बऱ्याच वरचे लोकही बसतात. नागरिकत्व लागत नाही. माझी एक मैत्रीण, नवरा पीएचडी करत होता, स्टायपेंडवर घर. तिला दवाखान्यातल्या नर्सनेच सांगितलं, तुम्ही पात्र आहात. तिला आधी इतकी लाज वाटली की दुकानात आपलं कोणी नाही ना बघून कार्ड काढायची. दूध, अंडी, शेंगदाण्याचं लोणी, डाळी. ठरलेलाच ब्रँड, ठरलेलंच माप. एक औंस इकडे तिकडे झाला की काउंटरवर अडवतात, मागे रांग.

पण एक फरक लक्षात घ्या. इथे तो कायदेशीर हक्क नाही, दरवर्षी काँग्रेस पैसे देईल तेवढाच. आपल्याकडे कायद्यात हक्क आहे आणि हातात पाकीट नाही. कुठलं बरं, मला सांगता येणार नाही.

---

ताकभात · गुरुवार, सकाळी ९:०५

सगळं ठीक, पण ती पाकिटं खातं कोण हो? आमच्या गावात म्हशीला घालतात. आधी चव सुधारा, मग पात्रता वाढवा.

---

मोहाचं_फूल · गुरुवार, सकाळी ९:४०

ताकभात, म्हशीचं खरं आहे, मीही पाहिलंय. पण जिथे गरम जेवण होतं तिथे म्हशीला काही मिळालं नाही. पाकिटापेक्षा ताट बरं, हा निष्कर्ष काढा. "लोक खात नाहीत म्हणून कमी लोकांना द्या" हा काढू नका.

आणि महाराष्ट्राला हे जमलेलं आहे. २००५ साली देशातलं पहिलं पोषण मिशन, राजमाता जिजाऊ मिशन, आपल्याकडे निघालं. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण (वयाच्या मानाने कमी उंची) २००५-०६ ला ३९ टक्के होतं, २०१२ च्या सर्वेक्षणात २४ च्या आसपास आलं. श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही, पण त्या काळात जोर गरोदर बाई आणि दोन वर्षांपर्यंतचं मूल यांच्यावर होता, हे खरं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या मुलांत ते ३५.२ टक्के होतं. वयोगट वेगळे, थेट तुलना करू नका, पण समाधान वाटण्यासारखं नाही.

---

रानजाई · शनिवार, संध्याकाळी ५:३०

अपडेट देते. मुख्यसेविका बाईंनी सांगितल्याप्रमाणे निलंग्याकडच्या सेविकेचा नंबर मावशींच्या जावेकडून मिळवला. तिने दुसऱ्या दिवशी ॲपमधून नाव सोडलं. मग मी आणि सून इथल्या अंगणवाडीत गेलो. भाड्याची दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, भिंतीवर गाजर आणि पालक रंगवलेले, कोपऱ्यात वजनकाटा. सेविका तिशीतली, एका कडेवर कोणाचं तरी पोर घेऊन दुसऱ्या हाताने फोन धरलेला.

ओटीपी नवऱ्याच्या फोनवर. मी आधीच त्याला सांगून ठेवलं होतं की आज अकराला फोन हातात ठेव. तिसऱ्या खेपेला जमलं. चेहरा चौथ्या खेपेला. टिकली काढ म्हणाली, काढली, मग घेतला.

पाकिटं मिळाली. सून तिथेच एक फोडून वास घेऊन बघत होती. "गोड आहे," म्हणाली. तीन वर्षांच्या पोरीलाही उद्यापासून गरम आहाराला पाठवायचं ठरलंय, तिचं तर नावच कुठे नव्हतं.

मातृवंदनेचं मात्र जन्मानंतरच कळणार. आधारवर तिचं माहेरचं नाव आहे, बँकेत सासरचं. चालेल का?

---

निवृत्त_मुख्यसेविका · शनिवार, रात्री ८:१५

छान केलंत. टिकलीचं आम्हालाही कळलं नव्हतं, सेविकांच्या ग्रुपवर टाकते.

नाव बाळंतपणाच्या आधी दुरुस्त करून घ्या, नंतर तिला दोन पोरं सांभाळून रांगेत उभं राहणं होणार नाही. आणखी एक: पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जे खातं शेवटी जोडलं गेलं त्यात जातात. बऱ्याच जणींचं ते गावाकडचं जुनं जनधन असतं, पासबुक सासऱ्यांच्या पेटीत. बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते आताच विचारा. मुलगी झाली तर जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज, जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड सोबत.

लोहाच्या गोळ्या घेते का ती? चहाबरोबर घेऊ नको म्हणावं.